शेवटची ओळ वाळेपर्यंत

सोमवार, ३ फेब्रुवारी
सकाळी सव्वासहा. औषधाच्या दुकानाच्या पाटीला जमिनीचा पहिला हात देऊन झाला आहे (जमीन म्हणजे अक्षरांमागचा रंग). तो वाळेपर्यंत लिहितो आहे.

ती. आत्यास नमस्कार.

आधी हे सांगतो की काळजीचं काही नाही. मग बाकीचं सांगतो.

काकांच्या ओळी उतरायला लागल्या आहेत. तुला माहीतच आहे, काका खुणेची दोरी न मारता डाव्या हाताने ओळ लिहितात आणि नंतर पट्टी लावून पाहिलं तर केसाचा फरक सापडत नाही. शिंप्याच्या नव्या पाटीवर मात्र शेवटचं अक्षर पहिल्यापेक्षा बोटभर खाली आलं. शिंपी म्हणाला, "माझं दुकान उताराला लागलंय का?" काका म्हणाले, "रस्ता उतरता आहे, पाटी सरळ आहे." मी आधी शिडीला दोष दिला, मग भिंतीला. गेल्या महिन्यात काका शिडीच्या दुसऱ्या पायरीवरून पडले आणि उठून म्हणाले की तिथे पायरीच नव्हती.

मग डोक्याचा फोटो काढला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तो खिडकीशी धरून मला दाखवला. उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ आहे. त्या म्हणाल्या, गाठ साधी दिसते पण वाढते आहे. लवकर काढली नाही तर आधी डावा हात जाईल, मग नजर. त्यापुढचं त्या बोलल्या नाहीत. त्यांच्याकडे मेंदूचा सर्जन नाही. बाहेर केलं तर किती लागतील ते ऐकून मी मटकन खुर्चीत बसलो. त्या खुर्चीत आधीच एक बाई बसलेल्या होत्या.

आपल्याकडे सरकारी विम्याचं कार्ड आहे. ते घेणारा सर्जन मिळाला तर ऑपरेशनला काहीच लागत नाही. डॉक्टरीणबाईंनी पाच सर्जनांची यादी दिली. पहिल्या नंबरवर फर्निचरचं दुकान लागलं. माणूस चांगला होता. म्हणाला, मेंदूसाठी रोज दोघंतिघं फोन करतात, पलंग हवा असेल तर सांगा. दुसरे सर्जन वारले आहेत. त्यांचा मुलगा म्हणाला, "पण यादीत आहेत ते." तिसरे कार्डावर फक्त मणक्याचं करतात. मी विचारलं, मणका वर डोक्यालाच लागतो ना? त्यांनी फोन ठेवला. चौथ्यांकडे कार्ड चालतं, पण त्यासोबत 'वरचे थोडे' म्हणून जो आकडा सांगितला, त्यात कार्डाशिवायही काम झालं असतं.

उरले पाचवे. त्यांची पाटी काकांनीच रंगवलेली आहे, अकरा वर्षांपूर्वी. वर नाव, मग पदव्या, मग 'मेंदू व मणक्याची शस्त्रक्रिया', मग वेळ, आणि सगळ्यात खाली 'सरकारी आरोग्य विमा कार्ड येथे चालते'. ती ओळ दोनदा वाचून मी आत गेलो. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "कार्ड बंद. महिनाअखेरीला डॉक्टर योजनेतून बाहेर पडतायत. नवीन पेशंट घेत नाही."

"बाहेर लिहिलंय," मी म्हणालो.

"तुझ्या हाताला रंग कसला? पाट्या रंगवतोस? बरं झालं आलास. तीच ओळ झाकायची आहे. आणि बाकीची पाटी उजळून दे, फार मळलीय."

आत्या, मी सर्जन शोधायला गेलो आणि ती ओळ झाकायचं काम घेऊन आलो. साडेआठशे ठरले आहेत. काका हसून हसून खोकायला लागले.

हे सगळं फोनवर सांगत नाही, कारण फोन काकांच्या उशाशी असतो आणि मी बोलायला लागलो की ते मागून दुरुस्त्या सांगतात.

काळजी नसावी.

तुझा
बारक्या


शनिवार, ८ फेब्रुवारी

बारक्या,

दोन पानं भरून काळजीत टाकलंस, आणि वरही काळजी नाही, खालीही काळजी नाही. पुढच्या वेळी ते गाळ, कागद वाचेल.

बाळ्याला सांग (साठ वर्षांचा झाला तरी मला तो बाळ्याच), की शिडीवरून पडल्याचं आक्कापासून लपवलंस, त्याचा हिशेब नंतर होईल. आधी डोकं.

आता नीट ऐक. माझं अर्धं आयुष्य कापडाच्या दुकानात काउंटरमागे गेलं. दारावर 'सवलत' लिहिलेलं असेल तोवर मालकाला सवलत द्यावीच लागते, तोंड कितीही वाकडं झालं तरी. पाटी उतरली की मगच नाही म्हणता येतं. तुझ्या सर्जनाने कार्ड चालतं असं भर रस्त्यावर लिहून ठेवलंय, आणि ते झाकणार कोण, तर तू. मग तुझे पाय कशाला लटपटतात, बावळटा?

वरून सुरुवात कर. नावाला दोन दिवस लाव, पदव्यांना चार. या लोकांना पदव्या पुष्कळ असतात. ती ओळ सगळ्यात शेवटी. आणि बाळ्याला रोज सोबत नेऊन दाराशी बसव. डॉक्टर काही खिडकीतून उडी मारून घरी जात नसेल, येताजाता दिसेल त्याला.

खोटं बोलायच्या भानगडीत पडू नकोस, तुझे कान लाल होतात. फक्त सावकाश काम कर. ते तुला उपजतच येतं.

आत्या


मंगळवार, १८ फेब्रुवारी
दुपारी अडीच. सर्जनच्या दवाखान्याच्या पायरीवर बसलो आहे. काका आत आहेत, दार बंद आहे.

ती. आत्यास,

मी तुझं ऐकणार नव्हतो. पैसे ठरवून घेतलेलं काम मुद्दाम रखडवायचं, हे मला पटलं नाही. मी ठरवलं होतं की ती ओळ सरळ झाकायची आणि मग डॉक्टरांपुढे हात जोडायचे. पण काका म्हणाले, खालून सुरुवात केली तर वरचे ओघळ खाली येतात. हे खरं आहे. म्हणून वरून सुरुवात केली.

काल दिवसभर रंगवत होतो. काका खाली स्टुलावर बसून "जरा वर, जरा आत" असं सांगत होते. मध्येच म्हणाले, "सकाळी कप सुटला रे हातातून. आक्काला लिहू नकोस." मी लिहितो आहे. पुढचा सगळा वेळ तो कपच माझ्या डोक्यात होता. पिवळं अक्षर, काळी सावली, एक पायरी खाली. पिवळं अक्षर, काळी सावली, एक पायरी खाली. जमिनीवर उतरलो, चार पावलं मागे जाऊन पाटीकडे पाहिलं. पाटी लखलखत होती. शेवटची ओळ सगळ्यात जास्त लखलखत होती. जी झाकायची होती, ती मी पहिल्यापासून शेवटपर्यंत नवी करून ठेवली होती.

काकांनी मान तिरकी करून पाहिलं. मग म्हणाले, "शेवटची ओळ झकास उतरलीय."

मी तेव्हाच पुसणार होतो. ओला तेलरंग टर्पेंटाईनच्या फडक्याने दोन मिनिटांत निघतो, आणि फडकं माझ्या मागच्या खिशातच असतं. पण काउंटरवरच्या बाईंनी आतून हाक मारली की बंद करायची वेळ झाली, शिडी दारातून हलव. म्हटलं, उद्या सकाळी येऊन पहिलं तेच करू.

आज नऊला आलो तर दारापासून कोपऱ्यापर्यंत रांग. सगळ्यांच्या हातात कार्डं. एक बाई दुसरीला सांगत होती, "कालच लिहिलंय. रंगसुद्धा ओला आहे." काउंटरवरच्या बाई ओरडत होत्या, "कार्ड बंद आहे हो!" त्यावर एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "बाई, तुम्ही एकदा बाहेर येऊन वाचा."

एवढ्यात डॉक्टर आले. हडकुळे आहेत, हातात जेवणाचा डबा होता. त्यांनी रांग पाहिली, मग मान वर केली. मी शिडीवर होतो.

"हे काय केलंस?"

"साहेब, चुकून झालं."

"चुकून? सावलीसकट?"

रांग हसली. डॉक्टर म्हणाले, "पुसून टाक." मी खिशाकडे हात नेला, तेवढ्यात खालून काका ओरडले, "अहो ओला आहे तो! आत्ता हात लावला तर फराटा वरपर्यंत जाईल, तुमच्या नावासकट. वाळू द्या, मग झाकू."

"किती दिवस?"

"भारीतला रंग आहे, साहेब. दहा दिवस धरा."

"दहा?"

"ऊन कडक असतं तर आठ म्हणालो असतो."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं का रे?" फडकं माझ्या मुठीत होतं. मी म्हणालो, "काका मोठे आहेत, साहेब. त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं." हे खोटं नाही. तरी कान तापले.

पण डॉक्टर आता पाटीकडे पाहतच नव्हते. ते काकांकडे पाहत होते. म्हणाले, "आजोबा, तुम्ही नेहमी अशी मान तिरकी करून बसता? उठा बघू. सरळ माझ्याकडे चालत या."

काका चालत गेले आणि डाव्या खांद्याने चौकटीवर धडकले. वळून चौकटीला म्हणाले, "माफ करा."

डॉक्टरांनी बाईंना सांगितलं, "कार्डवाल्यांना बसवून घ्या. ओळ वाळेपर्यंत." आणि काकांच्या दंडाला धरून त्यांना आत नेलं.

तेव्हापासून दार बंद आहे. पत्रपेटी समोरच आहे, टपाल तीनला जातं. टाकतो.

बारक्या


शनिवार, २२ फेब्रुवारी

बारक्या!

वा रे पठ्ठ्या! मी तुला आजवर बावळट समजत होते. चूक माझी. 'चुकून' म्हणे! मी सावकाश रंगव म्हणाले, तर तू ती ओळच सोन्यासारखी चमकवून ठेवलीस, आणि वर साळसूदपणे शिडीवर उभा. तुझं पत्र मी शेजारणींना मोठ्याने वाचून दाखवलं. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाई म्हणाल्या, या मुलाने निवडणुकीला उभं राहावं.

पण मेल्या, दार बंद असताना पत्र पेटीत टाकतात का? तुझं टपाल तीनला गेलं, आणि मी चार दिवस त्या बंद दाराबाहेर उभी आहे. आत काय झालं ते लिही. लगेच.

सोबत हजार पाठवते आहे. बाळ्याला सांगू नकोस, तो परत पाठवेल.

आत्या


गुरुवार, २७ फेब्रुवारी
दुपारी एक. दवाखान्यातच. काकांचं रक्त तपासायला नेलं आहे.

ती. आत्यास,

मी खरंच चुकून केलं. तू कृपा करून शेजारणींना तसं सांग. इथे कोणी ऐकायला तयार नाही. रांगेतली माणसं मला चहा पाजतात आणि डोळा मारतात.

दार चार वाजता उघडलं. डॉक्टरांनी फोटो पाहिला होता आणि त्यांचा डबा तसाच बंद होता. म्हणाले, ऑपरेशन लवकर करायला हवं. महिना संपायच्या आत मंजुरीचा अर्ज गेला तर ऑपरेशन नंतर झालं तरी कार्डावर होईल. अर्ज त्यांनी त्याच दिवशी पाठवला. मी आभार मानायला लागलो, तर मला थांबवून म्हणाले, "योजनेने मला पावणेदोन वर्षं पैसे दिलेले नाहीत. नर्सचा पगार काय तिला पाटी दाखवून देऊ?" आत्या, मला त्यांची भीती वाटत होती, त्यापेक्षा आता वाईट वाटतं. रोज माणसं येतच आहेत. त्यांतल्या सहा जणांना ऑपरेशन लागणार आहे. हे सगळं माझ्या ब्रशने झालं.

डॉक्टर रोज सकाळी पाटीखाली थांबून विचारतात, "वाळली का?" काका रोज घरून निघताना उजव्या अंगठ्याला पिवळा रंग लावून निघतात. पाटीला अंगठा टेकवल्यासारखं करतात आणि डॉक्टरांना दाखवतात. डॉक्टर अंगठ्याकडे बघतात, माझ्या कानांकडे बघतात आणि आत जातात.

काल मंजुरी आली. ऑपरेशन पुढच्या गुरुवारी, ६ तारखेला.

तू विचारशील म्हणून लिहितो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. गाठ निघेल. पण ती हात चालवणाऱ्या भागाला चिकटलेली आहे, हाताचं वचन देता येणार नाही. आणि क्वचित कोणी शुद्धीवर येत नाही, हेही ऐकून ठेव. मग सहीचा कागद पुढे केला. मी सही केली. माझी ओळ पण खाली उतरली.

बारक्या

(खालचं काकांनी लिहिलं आहे, उजव्या हाताने.)

आक्के, हा चुकून म्हणतो ते खरं आहे. त्याला अक्कल असती तर त्याने केलं नसतं. पण तो त्या ओळीवर ब्रश ठेवत होता तेव्हाच मी खालून पाहिलं होतं. बोललो नाही. म्हटलं, पोरगा मन लावून काम करतोय, कशाला टोका. हजार मिळाले. — बाळ्या


सोमवार, ३ मार्च

बाळ्या, लबाडा,

आईच्या कपाटाची किल्ली कोणी पळवली होती, ते मला आज कळलं. डोकं उघडल्यावर आत आणखी काय काय सापडतं ते डॉक्टरला लिहून ठेवायला सांग.

तुला भीती वाटत असेल तर वाटू दे, पण पोराला दाखवू नकोस. मला पण वाटत नाहीये.

बारक्या, गुरुवारी मी फोन मांडीवर घेऊन बसेन. त्या दिवशी पत्र नको, फोन कर. दोन शब्द बोल. रडलास तरी चालेल.

आत्या


रविवार, १६ मार्च
सकाळी पावणेआठ. घरी. काकांची दाढी करून दिली, ते चहा पीत आहेत आणि "चहात साखर का कमी" म्हणून भांडत आहेत.

ती. आत्यास,

फोनवर मला "शुद्धीवर आले" एवढंच बोलता आलं. बाकीचं आता लिहितो.

आत नेलं सकाळी आठला, बाहेर आणलं दुपारी तीनला. मी बाहेरच्या बाकावर बसून समोरच्या भिंतीवरच्या 'शांतता राखा' या पाटीतल्या चुका मोजत होतो. सापडत नव्हत्या. काउंटरवरच्या बाई शेजारी येऊन बसल्या आणि बिस्किटांचा पुडा माझ्या मांडीवर ठेवला.

काकांनी डोळे उघडले पाचच्या सुमारास. डोक्याला एवढं मोठं पांढरं पागोटं. डॉक्टर आले, खुर्ची ओढून बसले आणि प्रश्न विचारायला लागले. नाव? बरोबर. साल? बरोबर. हा कोण? "माझ्या भावाचा मुलगा. हळूबाई." बरोबर. मी खुर्चीची पाठ धरून उभा होतो.

मग डॉक्टर म्हणाले, "आता तुमच्या धंद्यातलं विचारतो. पाटीवरचा ओला तेलरंग कशाने निघतो?"

"टर्पेंटाईन," काका लगेच म्हणाले.

"किती वेळात?"

"दोन मिनिटं. चांगलं फडकं असेल तर एकच."

"फराटा जातो का वरपर्यंत?"

"छे! शिकाऊ पोरगासुद्धा पुसतो."

माझा हात आपोआप मागच्या खिशाकडे गेला. डॉक्टर माझ्याकडे न बघताच नर्सला म्हणाले, "लिहा. स्मरण उत्तम. बोलणं स्पष्ट. खोटं बोलायची ताकद अजून आलेली नाही, दोन दिवसांत येईल." आणि आत्या, ते हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मला मात्र तिथे उभ्या उभ्या रडू आलं, कारण उत्तर बरोबर होतं.

हाताचं सांगतो. परवा डॉक्टरांनी काकांच्या डाव्या हातात पेन्सिल देऊन कागदावर रेघ ओढायला सांगितली. रेघ निम्म्यापर्यंत गेली, मग बोटं दमली आणि पेन्सिल पडली. ब्रश धरायला पाच-सहा महिने तरी लागतील, कदाचित जास्त. पण जेवढी गेली तेवढी सरळ गेली. मी नंतर गुपचूप पट्टी लावून पाहिली.

पाटीचं मी स्वतःच विचारलं. म्हणालो, साहेब, ओळ आता वाळली आहे. झाकू का? ते म्हणाले, "तुझ्या रांगेतली पाच ऑपरेशनं अजून राहिलीत. ती झाली की झाक. पुढे मला परवडत नाही." मी हो म्हणालो. या वेळी दोन हात देऊन नीट झाकणार आहे. शिडी चढताना मला कसं वाटेल ते मात्र आत्ता सांगता येत नाही.

आता हिशेब.

ऑपरेशन — काही नाही (कार्ड).
बाहेरून आणलेली औषधं — ६४०.
जाण्यायेण्याचं भाडं — ४१२.
चहा — ९५.
अंगठ्याला लागलेला पिवळा रंग — ३०.
एकूण खर्च — १,१७७. त्यात तुझे १,०००, घरचे १७७.
तुला देणे — १,०००.
दवाखान्याकडून येणे, पाटी उजळल्याचे — ८५०.

हे शेवटचे मी सोडून देणार होतो. मी काकांना म्हणालो, त्या माणसाने तुमचं डोकं एक पैसा न घेता उघडलं, तेही पावणेदोन वर्षांचे पैसे अडकलेले असताना. त्यांच्याकडे साडेआठशे मागायचे कोणत्या तोंडाने?

काकांनी कप खाली ठेवला. डाव्या हाताने, न सांडता. म्हणाले, "डोक्याचे पैसे सरकार देणार आहे. पाटीचे त्याने द्यायचेत. दोन्ही हिशेब एकात घालू नकोस. आणि सावलीचे वेगळे लाव."

उद्या बिल घेऊन जातो आहे. सावली लावलेली नाही.

बारक्या